बेंबीचा देठ

कोणी जिवाच्या आकांताने ओरडलं की आपण म्हणतो, बेंबीच्या देठापासून ओरडला. शाळेत मी या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोगही केला आहे. पण बेंबीला खरोखरच आतून देठ असतो, तो खाली थेट मूत्राशयाच्या माथ्याला जाऊन भिडतो आणि त्या देठाला कॅन्सर होऊ शकतो, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी परळला कळलं. देठ माझ्या वडिलांचा होता.

वडिलांना सगळं गाव नाना म्हणतं, आम्हीही. चोपडा तालुक्यात, तापीच्या उत्तरेला आमचं गाव. अंगणात उभं राहिलं की सातपुडा दिसतो. सहा एकर जमीन, त्यातली चार एकर केळी, उरलेल्यात कापूस. केळीवाल्याचं आयुष्य पाण्याच्या पाळ्यांनी चालतं. लाइट रात्रीची असली की रात्री बाराला उठायचं, मोटार चालू करायची, ठिबकच्या नळ्या तपासत बॅटरी घेऊन बागेत फिरायचं. नानांनी हे चाळीस वर्षं केलं. तंबाखू नाही, बिडी नाही, सुपारीसुद्धा नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे ज्याला त्याला पहिला प्रश्न तोच पडला.

२०२२च्या मे महिन्यात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी माहेरी गेले होते. खान्देशात आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवर शेतात कामाला असलेला गडी, मागच्या दारात येऊन उभा राहिला. हातातल्या रुमालाचा पीळ घालत, सोडत. बराच वेळ काही बोलेना. मग खाली बघत म्हणाला, "ताई, नानाले लाल लघी व्हस. मी दोन डाव देखं. तुम्ही इचारा."

मी विचारलं. नाना खाटेवर आडवे होते, त्यांनी कूस बदलली. "काही नही. उन्हाळी लागेल शे."

आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि उन्हाळी लागणं ही घरोघरची गोष्ट. आईने पळसाच्या सुकवलेल्या फुलांचं पाणी केलं, धने-जिरे भिजत घातले, सब्जा दिला. आठ-दहा दिवसांत लघवी स्वच्छ झाली. आईला वाटलं औषध लागू पडलं. मलाही वाटलं. मी जळगावला निघून आले.

तेव्हाची माझी चूक मला आता फार स्पष्ट दिसते. मी नानांना एक प्रश्न विचारला नव्हता: दुखतं का? उन्हाळी लागली की आग होते, थेंब थेंब होतं. मुतखडा तर माणसाला जमिनीवर लोळायला लावतो. नानांचं काहीच दुखत नव्हतं. लाल लघवी आणि दुखणं शून्य, ही जोडी वाईट. मूत्राशयातली गाठ बहुतेक वेळा अशीच वागते. एक दिवस रक्त दाखवते, मग पंधरा दिवस, महिना गप्प बसते. रक्त थांबलं की माणूस समजतो बरं झालं. चाळिशीपुढच्या कोणाला एकदाही, अगदी एकदाच, डोळ्यांना दिसेल असं रक्त लघवीतून गेलं तर दुर्बिणीने आत बघून घेतल्याशिवाय ते उन्हावर ढकलू नये. हे मी आता भेटेल त्याला सांगते, लग्नाच्या पंगतीत सांगते, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगितलं आहे.

आणि दुसरी गोष्ट लाजेची. नानांनी हे सालदाराला दिसू दिलं, कारण बांधावर आडोसा नव्हता. बायकोला सांगितलं नाही, लेकीला तर नाहीच. बापाने लेकीशी लघवीबद्दल बोलायचं कसं? ही लाज आम्हाला किती महिन्यांना पडली याचा हिशोब मी नंतर केला. रक्त पहिल्यांदा होळीच्या आसपास दिसलं होतं.

जुलैत पुन्हा लाल झाली. या वेळी एका दवाखान्यात नेलं. लघवी तपासली, जंतुसंसर्ग म्हणाले, गोळ्यांचा कोर्स दिला. मग दुसरा कोर्स, मग तिसरा. सोनोग्राफी झाली, पण ती मूत्राशय नीट भरलेलं नसताना. अहवालात तसं लिहिलेलंही होतं, शेवटून दुसऱ्या ओळीत: मूत्राशय पुरेसं भरलेलं नाही, भिंत जाड वाटते, दाह असावा. ती ओळ कोणी वाचली नाही. मीही वाचली नाही. मी बँकेत रोज कागदांची बारीक अक्षरं तपासते आणि बापाच्या कागदावरची एक ओळ माझ्या डोळ्यांतून सुटली. मूत्राशय म्हणजे फुग्यासारखं, रिकामं असलं की भिंतीला घड्या पडतात, घडीत गाठ लपते. भरलं की भिंत ताणली जाते आणि जे आहे ते दिसतं. म्हणून तर पाणी पिऊन, लघवी धरून बसा म्हणतात.

याच दिवसांत नाना एकदा आईजवळ बोलून गेले होते की लघवीत केळीचा चीक आल्यासारखं दिसतं. केळीचा दांडा कापला की त्यातून जो बुळबुळीत चीक गळतो, तसा. तारेसारखा. आईने ते मला फोनवर सांगितलं आणि मी ते दवाखान्यात सांगितलं नाही. वाटलं, हे काय सांगायचं.

ऑक्टोबरमध्ये रक्ताच्या गाठी पडायला लागल्या तेव्हा मोठ्या शहरात नेलं. भरल्या पोटाने, म्हणजे भरल्या मूत्राशयाने, सोनोग्राफी झाली आणि माथ्यावर साडेतीन सेंटिमीटरची गाठ दिसली. दुर्बीण घातली, थोडी खरवडून तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवसांनी अहवाल आला: अडेनोकार्सिनोमा. मूत्राशयाचा जो नेहमीचा कॅन्सर असतो तो आतल्या अस्तराचा, शंभरातल्या नव्वदांहून अधिक लोकांना तोच. तंबाखूशी त्याचं नातं मोठं. अडेनोकार्सिनोमा म्हणजे ग्रंथींचा, चिकट स्राव करणाऱ्या पेशींचा. तो आतड्यात नेहमी सापडतो, मूत्राशयात क्वचित. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, अख्खं मूत्राशय काढावं लागेल, पोटाला पिशवी लागेल.

पिशवी हा शब्द ऐकून नाना उठून बाहेर गेले. मी मागे गेले तेव्हा पार्किंगमध्ये एका झाडाखाली उभे होते. मला म्हणाले, "बागेत पाणी कसं भरू मी?" एवढंच.

चोपड्याहून जळगाव, जळगावहून रात्रीची अमरावती एक्सप्रेस, पहाटे दादर. खान्देशातून, वऱ्हाडातून येणाऱ्या त्या गाडीत फायली छातीशी धरून झोपलेली माणसं प्रत्येक डब्यात असतात. मला आधी ती कधी दिसली नव्हती, त्या रात्रीपासून दिसायला लागली. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीत तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला पाऊण सवलत मिळते, त्यासाठी दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. ही माहिती आम्हाला डब्यातल्या एका अकोल्याच्या काकांनी दिली, जे सातव्या खेपेला चालले होते. राहायची सोय दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत झाली. ज्या माणसाने हातात खराटा घेऊन गावं झाडली, त्याच्या नावाच्या छपराखाली देशभरातले कॅन्सरचे रुग्ण राहतात. तिथे एका खोलीत आम्ही, शेजारी बिहारचं कुटुंब, पलीकडे कोकणातली आजी. आई तिथेही भल्या पहाटे उठून आमच्या वाट्याची फरशी पुसायची.

परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये ज्या डॉक्टरबाईंनी नानांना तपासलं, त्यांनी कागद बाजूला ठेवून आधी विचारलं, "लघवीत कधी चिकट, शेंबडासारखं काही जायचं का?"

आई आणि मी एकमेकींकडे बघितलं. नाना म्हणाले, "केळीचा चीक."

त्या थांबल्या. केळीचा चीक कसा असतो ते नानांनी त्यांना बोटांची चिमूट उघडून मिटून दाखवलं. त्यांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. मग सीटी स्कॅन पडद्यावर लावला आणि आम्हाला जवळ बोलावलं. मूत्राशयाच्या माथ्यावर गाठ, पण तिचा मोठा भाग मूत्राशयाच्या बाहेर, वर बेंबीच्या दिशेने. गाठीच्या कडेला पांढरे ठिपके, चुन्याचे बारीक कण. त्यांनी पेनाने पडद्यावर एक रेघ ओढली, माथ्यापासून बेंबीपर्यंत, आणि म्हणाल्या, हा युरेकस.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे कितीदा तरी वाचून काढलं, म्हणून सविस्तर लिहिते. गर्भ अगदी लहान असतो तेव्हा मूत्राशय खाली ओटीपोटात नसतं, ते वर बेंबीपर्यंत चढलेलं असतं. बाळ वाढतं तसं मूत्राशय खाली सरकतं आणि मागे एक नळी ताणली जाते, बेंबी ते मूत्राशयाचा माथा. ती बारीक होत जाते, जन्मापर्यंत बहुधा मिटते आणि दोरीसारखी उरते. मोठ्या माणसात ही दोरी बोटभर, फार तर वीतभराच्या आत. काम काही नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर साधारण तिघांतल्या एकाच्या दोरीत आत कुठेतरी बारीकशी पोकळी उरलेली सापडते. बहुतेकांना तिचा आयुष्यभर काही त्रास नाही. फार थोड्यांमध्ये त्या उरलेल्या अस्तरातून गाठ उगवते. मूत्राशयाच्या शंभर कॅन्सरमध्ये हा एकही भरत नाही, इतका दुर्मीळ. गर्भात सुरुवातीला आतड्याचं शेवटचं टोक आणि मूत्राशय एकाच पोकळीतून घडतात. म्हणूनच ही गाठ मूत्राशयात असून आतड्याच्या गाठीसारखी दिसते, चीक सोडते, अशी एक समजूत आहे. आणि म्हणूनच नानांची आतड्याची दुर्बीणही करावी लागली, मूळ गाठ आतड्यात असून इथे पसरलेली तर नाही हे बघायला. तिकडे काही नव्हतं.

या आजाराची पहिली नोंद १८६३ची. १९३०च्या सुमाराला कॅम्बेल बेग नावाच्या शल्यविशारदाने युरेकसची रचना आणि त्यातून उगवणाऱ्या या चिकट गाठी नीट मांडल्या. म्हणजे ओळख जुनी, पण रुग्ण इतके विखुरलेले की एका डॉक्टरच्या आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके यायचे.

"माझ्या हातून काय चुकलं?" नानांनी विचारलं.

"काहीच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तंबाखूने नाही, फवारणीने नाही. याचं ठोस कारण अजून कोणालाच सापडलेलं नाही. तुम्ही जन्मायच्या आधीची ही दोरी आहे."

त्या दिवसापर्यंत गावातल्या, नात्यातल्या प्रत्येक माणसाने नानांना काहीतरी कारण चिकटवलं होतं. कोणी म्हणे युरिया, कोणी म्हणे रात्रीचं जागरण, कोणी म्हणे लघवी दाबून ठेवायची सवय. नानांनी स्वतःही आत कुठेतरी गुन्हा कबूल केला होता. तो त्या खुर्चीत बसून उतरताना मी बघितला. त्यांचे खांदे खाली आले.

ऑपरेशन असं ठरलं: अख्खं मूत्राशय काढायचं नाही. माथ्याचा भाग, वरची दोरी पूर्ण, तिच्या आजूबाजूची चरबी आणि पडदा, आणि बेंबी. सगळं एकसंध, मध्ये कुठेही न कापता. सोबत ओटीपोटातल्या लसीकाग्रंथी. बेंबी का, असं मी विचारणार होते, त्याआधी नानाच बोलले.

"हरण्या आला की आम्ही पान तोडत नाही," ते म्हणाले. "झाड कंदासकट उपटतो. बागेबाहेर नेऊन पुरतो."

हरण्या म्हणजे केळीवरचा विषाणूरोग, सीएमव्ही. पावसाळ्यात येतो, पानांवर पिवळे पट्टे पडतात. ज्याने पान तोडून भागवलं त्याची बाग जाते. डॉक्टरबाईंना हरण्या माहीत नव्हता, पण उपमा पटली. त्या म्हणाल्या, अगदी तसंच. नुसती मूत्राशयातली गाठ खरवडली आणि दोरी, बेंबी तशीच ठेवली, तर आजार तिथूनच पुन्हा उगवतो. पूर्ण निघाली, कडा स्वच्छ राहिल्या, तर मूत्राशयाचा बराच भाग वाचवता येतो. पिशवी लागत नाही.

नाना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "पाणी भरता येईल मग."

नोव्हेंबरात ऑपरेशन झालं. त्या साडेचार तासांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही, मी जिन्यात बसून होते. अहवाल तीन आठवड्यांनी आला. कडा स्वच्छ, ग्रंथी सगळ्या स्वच्छ, टप्पा तीन-अ. तीन वाचून माझे हात गार पडले. पण या आजाराची पायरी वेगळी मोजतात, १९८४ साली शेल्डन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली. गाठ दोरीतच असेल तर दोन, मूत्राशयात शिरली की तीन-अ. आणि मूत्राशयात शिरल्याशिवाय रक्त दिसत नाही, रक्त दिसल्याशिवाय माणूस डॉक्टरकडे जात नाही. म्हणून बहुतेकांची सुरुवातच तीन-अ ने होते. आकडा एकटा वाचू नये, हे मी त्या दिवशी शिकले.

केमो द्यायची का, यावर दोन बैठका झाल्या. मूत्राशयाच्या नेहमीच्या कॅन्सरची औषधं याला फारशी लागू पडत नाहीत, आतड्याच्या कॅन्सरची, फाइव्ह-एफयूसारखी, जास्त उपयोगी वाटतात, बऱ्याचदा प्लॅटिनमच्या औषधाबरोबर. पण ती पसरलेल्या आजारात. कडा आणि ग्रंथी स्वच्छ असताना आधीच दिल्याने फायदा होतो का, याला पक्कं उत्तर नाही. डॉक्टरबाईंनी हे लपवलं नाही. म्हणाल्या, मोठा अभ्यास करायला जेवढे रुग्ण लागतात तेवढे जगात एका वेळी मिळतच नाहीत. मला त्यांचा तो मोकळेपणा फार मोलाचा वाटला. ठाम बोलून आमचं समाधान करणं त्यांना सोपं होतं. ठरलं ते असं: केमो नाही, दर काही महिन्यांनी सीटी आणि दुर्बीण, वर्षानुवर्षं.

गावी परतलो तेव्हा मोठी माय, नानांची आई, ओट्यावर बसली होती. वय पंच्याऐंशीच्या पुढे, नजर अधू. तिला कोणी नीट सांगितलं नव्हतं. तिने नानांना जवळ बसवलं, सदरा वर करायला लावला आणि पोटावरून हात फिरवला. छातीच्या खालून निघालेली सरळ शिवण तिच्या बोटाला लागली. बोट शिवणीवरून खाली खाली गेलं, मधोमध थांबलं, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. तिथे सपाट कातडी होती.

"बेंबी?"

"काढी टाकी, माय."

ती काही वेळ बोलली नाही. हात तिथेच. मग म्हणाली, "ती मन्ही खूण व्हती."

नाना अठ्ठावन्न वर्षांचे, मान खाली घालून लहान मुलासारखे बसले. मोठी माय मग उठली, भिंत धरत आतल्या खोलीत गेली आणि काठीने कोपऱ्यातली फरशी वाजवून दाखवली. तिथे पूर्वी मातीची जमीन होती. सुईणीने नाळ तोडली ती तिने त्या कोपऱ्यात पुरली होती, वर दिवा ठेवला होता. फरशी बसवली तेव्हा कोणाला आठवण राहिली नाही. तिला होती. "हाई आठेच शे," ती म्हणाली आणि आणखी दोनदा काठी वाजवली. आई आता त्या कोपऱ्यात संध्याकाळी दिवा लावते. कोणी सांगितलं नाही, तिने आपला सुरू केला.

नानांची चौदा दिवसांनी लघवीची नळी निघाली तेव्हा नवीन अडचण सुरू झाली. मूत्राशय लहान झालेलं, थोडं भरलं की लगेच जावं लागे. रात्रीतून नऊ-नऊ वेळा. कपडे ओले व्हायचे, मग चिडायचे, मग गप्प. दवाखान्यातून मापाचा प्लॅस्टिकचा जग दिला होता, दर वेळी किती झाली ते लिहायचं, हळूहळू वेळ वाढवायचा. मूत्राशय ताणलं जातं, महिन्यांनी जागा वाढते, असं सांगितलं होतं.

लिहायचं म्हटल्यावर नानांनी त्यांची नेहमीचीच वही काढली. बँकेची जुनी डायरी, तिच्यात केळीचा सगळा हिशोब असतो: कोणत्या तारखेला लागण, कधी खत, कटती किती झाली, रास किती किलोची पडली, भाव काय मिळाला. त्याच पानांवर समासात लघवीचे मिलिलिटरमधले आकडे सुरू झाले. आणि ज्या माणसाने लाल लघवी लेकीपासून लपवली होती, तो मला रोज संध्याकाळी फोन करून सांगू लागला, "आज नव्वद. एकदा शंभर झाली." मी बँकेत काउंटरवर असले तरी तो फोन घेते.

दर तपासणीच्या आधीचे आठ दिवस घरात कोणी नीट जेवत नाही. नाना मात्र जायच्या आदल्या दिवशी बागेला पाणी देऊनच गाडीत बसतात. आत्तापर्यंतचे सगळे स्कॅन स्वच्छ आले आहेत.

मागच्या आखाजीला गेले तेव्हा डायरी खाटेवर उघडी होती. पान वाचलं. वरच्या ओळीत लिहिलं होतं: पील बाग, घड निसवायला सुरुवात. त्याखाली: लाइट रात्री १२ ते ८, पाणी पूर्ण. समासात, पेन्सिलने: ३१०. आणि आकड्याखाली दोन रेघा.